सिंधूताईला आणायला निघालेला थर्मोस्टॅट

इंजिनाला गारवा सोसत नाही, हे ऐकून मला जो धक्का बसला तो अजून पुरता ओसरलेला नाही. बुलढाण्यात राहणाऱ्या माणसाला तर हे पटणं जास्तच कठीण. आमचं गाव उंचावर, म्हणून सगळा वऱ्हाड त्याला थंड हवेचं ठिकाण समजतो, आणि पाहुण्यांपुढं आम्हीही तसं मिरवतो. पण वैशाखात ही थंड हवा नेमकी कुठं जाते ते अजून कोणाला सापडलेलं नाही. अशा उन्हात माझ्या मोटारीचं झाकण उघडून कचरू मिस्त्री गंभीरपणे म्हणाला, "साहेब, इंजिन थंडं राह्यलं तं बिघडते." मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राहिलो. कारण त्याच वेळी इंजिनातून अशी वाफ निघत होती, की शेजारच्या नारायणरावांनी कुंपणावरून विचारलं, "काय हो निवृत्तीराव, चहा टाकला का?"

मोटार माझ्याकडं कशी आली ते सांगत बसत नाही. आली. जुनी, काळी आणि विलायती. खरेदी-विक्री संघातल्या हिशेबनिसानं मोटार घ्यावी का, हा प्रश्न गावानं इतक्या वेळा विचारला आहे की त्याचं उत्तर द्यायचं मी सोडून दिलं आहे.

आणि प्रश्न मोटारीचा नव्हताच; सिंधूताईचा होता. माझी ही थोरली बहीण रोहिणखेडला दिलेली. बाकीचे लोक जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी, आणि आखाजीला लेक माहेरी आली नाही की लोक लेकीच्या सासरच्यांना नाही, भावालाच आधी विचारतात. सिंधूताई गेल्या तीन आखाज्या आली नव्हती. दर वर्षी मी आणायला जाई, आणि तिचे सासरे भगवंतराव मला ओट्यावरूनच चहा पाजून परत लावीत. एकदा शेतात काम, एकदा म्हैस व्यायची, आणि एकदा तर काही कारणच नाही, नुसतेच आभाळाकडं बघून म्हणाले, "यंदा नाही जमत."

या वर्षी मात्र त्यांचा निरोप आला. आमच्याकडं निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर येतात. त्या कंडक्टरनं आमच्या दारासमोर बस थांबवली आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "भगवंतरावायनं सांगितलं, मोटर घेतली म्हणता ना, मंग मोटर घेऊन या! आखाजीच्या आदल्या दिवशी सूर्य डोक्यावर याच्या आत मोटर दाराशी लागली तं धाडतो. यश्टीनं आले तं चा प्या आन जा!" त्यामुळं निरोप एकट्या मला न मिळता सगळ्या आळीला, आणि मोताळ्याकडून आलेल्या बसभर उतारूंना मिळाला. म्हणजे आता माझी बहीण, माझी मोटार आणि माझी अब्रू एकाच दोरीला बांधली गेली होती. आणि मोटार तर दवाखान्यापर्यंत जाऊन येईतो उकळत होती.

कचरूनं इंजिनाच्या डोक्यावरचं एक टोपण उघडलं, आत बोटं घातली आणि पितळेचा एक गंजका, डबीसारखा तुकडा बाहेर काढला. "हा वाल अटकला."

वाल म्हणजे व्हॉल्व्ह, आणि हाच थर्मोस्टॅट. त्याचं काम समजायला मला फार वेळ लागला नाही. इंजिनाभोवती पाणी फिरतं, त्याची उष्णता घेतं, पुढच्या रेडिएटरात जाऊन वाऱ्यावर निवतं आणि परत येतं. पण इंजिन नुकतं सुरू झालेलं असताना पाणी असं हिंडायला गेलं तर इंजिन तापतच नाही. गारठलेलं इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि आतून लवकर झिजतं. म्हणून वाटेत हे दार. पाणी पुरेसं तापेपर्यंत बंद, तापलं की उघडं, आणि पाणी निवलं की पुन्हा हळूहळू मिटणार. थोडक्यात, थर्मोस्टॅट हा सासरा आणि रेडिएटर हे माहेर. सून चांगली तापल्याशिवाय तो तिला माहेरी सोडत नाही, पण तापल्यावर सोडतो. न सोडला तर घर पेटेल हे त्याला कळतं. आमचा सासरा मिटलेल्या स्थितीत अडकला होता. सून आत उकळत होती आणि तो जागचा हलत नव्हता. हा देखावा मी रोहिणखेडच्या ओट्यावर पाहिलेला असल्यामुळं मला यंत्रशास्त्र लगेच समजलं.

"मग नवीन आणू," मी म्हणालो.

"नवा कायले? फेकून द्या," कचरू म्हणाला. "हे इंग्रजायनं त्यायच्या मुलखासाठी केलं. तिथं बर्फ पडते. आपल्याकडं काय पडते? ऊन."

नारायणराव एव्हाना कुंपण ओलांडून आले होते. ते जंगल खात्यातून निवृत्त झालेले. माणसांचा हिशेब मनात मांडायची मला खोड आहे. नारायणरावांच्या खात्यात जमेला सल्ले आहेत, नावे काहीच नाही. त्यांनी आजवर कोणाची कोणतीही वस्तू एका टोकाला धरून उचललेली नाही. ते म्हणाले, "बरोबर बोलला. स्वराज्य होऊन इतकी वर्षं झाली. इंजिनातून तरी इंग्रज गेला पाहिजे."

तो गेला. मोटार घेऊन आम्ही राजूर घाटाच्या तोंडापर्यंत गेलो आणि तिथं ती पूर्वीपेक्षा दुप्पट जोरानं उकळली. मी हादरलोच. दार काढून टाकल्यावर पाणी आणखी कसं अडकतं? मागाहून कळलं ते असं: आमच्या मोटारीच्या जातीत आत एक आडगल्ली असते, पाणी गार असताना परत इंजिनात फिरवणारी. थर्मोस्टॅट उघडताना ती गल्ली बंद करतो. तोच नाही म्हटल्यावर पाण्याला जवळची वाट मोकळी सापडली. ते रेडिएटरापर्यंत जायचे कष्ट कशाला घेईल? पाणी म्हणजे आमच्या संघातले कारकूनच.

तेव्हा मी जुना थर्मोस्टॅट रुमालात बांधला आणि खामगावला गेलो.

मोटारीच्या सामानाचं दुकान इंद्रभान शेठचं. त्यांनी रुमाल सोडला, नाकाला लावून वास घेतला, आणि मला वधूपित्याला विचारावेत तसे प्रश्न विचारायला सुरुवात केली. गाडी कोणती? साल कोणतं? मग त्यांनी तुकड्याच्या काठाची रुंदी मोजली, उंची मोजली, आणि म्हणाले, "काठ जरा बी लहान पडला तं पानी बाजूनं निसटते, मोठा पडला तं बसतच नाही. जुना भात्याचा आहे. आत औषध राह्यते, ते तापलं का भाता फुगते. आता मेणाचे आले. डबीत मेण, ते वितळलं का फुगते, दांडी ढकलते, दार उघडते. हे टिकाऊ. मेणाचा नेता?"

"नेतो. पण नंबर?" जुन्याच्या काठावर १६५ कोरलेलं होतं. शेठनं पुढं ठेवलेल्या डब्यांवर ७४, ८२ आणि ८८ होतं.

"अहो, शेर गेले, मैल गेले, आता तापबी नवा आला. तुमचा एकशे पासष्ट फॅरनाईट म्हंजे हा चौऱ्याहत्तर. जो होता तोच घ्या. मोठा नंबर म्हंजे उशिरा उघडनार, बस. आन आइका, मेणाची डबी इंजिनाच्या अंगाले, गरम पाण्यात. तिले ऊब लागली तं ते उघडनार ना! आन हे बारीक भोक वरच्या बाजूले ठेवजा, त्यातून हवा निघून जाते."

मी समजूतदारपणे मान हलवली. आयुष्यात मला पहिल्यांदाच एखादी गोष्ट पहिल्या खेपेला नीट कळली होती. त्यामुळं पुढं जे झालं ते जास्त लागलं.

परतताना वाटेतल्या एका गावच्या जकात नाक्यावर बस थांबली. कारकुनानं माझ्या हातातली डबी उघडायला लावली.

"हे काय?"

"थर्मोस्टॅट. मोटारीचा भाग आहे."

"मोटर कुठं आहे?"

"घरी. बंद."

"मंग हा कशाचा भाग? यादीत असं नाव नाही." त्यानं यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. बसमधले लोक खाली उतरून भोवती जमले. "बरं, हे करते काय?"

"तापलं की उघडतं."

कारकुनाचा चेहरा उजळला. "असं सांगा ना! मंग छत्र्यायमंधी टाकतो. छत्रीबी ऊन तापलं का उघडते." आणि त्यानं खरोखरच तसं लिहिलं. एका थर्मोस्टॅटची छत्री करून मी बुलढाण्यात शिरलो.

घरी पोचतो तो नारायणराव ओट्यावर बसलेले. त्यांनी डबी हातात घेतली आणि ते जागीच ताठ झाले. "एकशे पासष्टचा काढून चौऱ्याहत्तरचा आणला? निम्म्याहून कमी! निवृत्तीराव, शेठनं तुम्हाला उघड्यावर लुटलं."

मी फॅरनाईट आणि सेंटिग्रेड समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा त्यांचा मोठा गुण, त्याचा परिणाम मात्र होत नाही. "आणि आत काय म्हणता? मेण? वऱ्हाडात मेण? अहो, वैशाखात देवापुढची मेणबत्ती माझ्या डोळ्यांदेखत नमस्कार घालते!"

"ते वितळायलाच हवं. वितळलं की..."

"वितळायलाच हवं असं सांगून विकलं? धन्य त्या शेठची."

शेवटी गलका ऐकून आलेले दवाखान्यातले कंपाउंडर अर्जुनराव म्हणाले, वाद कशाला, उकळत्या पाण्यात टाकून पाहू. कल्पना उत्तम होती, आणि इंद्रभान शेठनंही अशी परीक्षा चालते असं सांगितलं होतं. फक्त शेठच्या बोलण्यात भांड्याचा उल्लेख नव्हता. मी अन्नपूर्णेचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पुरण शिजवायचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं, त्यावर लाटणं आडवं टाकलं, आणि लाटण्याला दोऱ्यानं एका बाजूला जुना आणि दुसऱ्या बाजूला नवा थर्मोस्टॅट टांगला. पाणी किती तापलं ते मोजायला अर्जुनरावांनी खिशातून थर्मामीटर काढलं.

हे थर्मामीटर ताप आलेल्या माणसाच्या काखेत लावायचं होतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही. पाण्याला नुसत्या वाफा यायला लागल्या तोच ते तड्‌ करून फुटलं. पारा पातेल्याच्या तळाशी गोळ्या-गोळ्यांनी पळायला लागला. आम्ही तिघे तोंडं उघडी टाकून बघत राहिलो. आणि त्याच क्षणी, कोंबडीनं एक डोळा किलकिला करावा तसा, नवा थर्मोस्टॅट हळूच उघडला. पाणी खळखळा उकळलं तरी जुना मात्र मिटलेलाच.

"उघडला!" मी ओरडलो.

"काय उघडलं?" मागून अन्नपूर्णेचा आवाज आला. पातेलं, लाटणं, काच, पारा आणि गंजका तुकडा, एवढं सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. "परवा आखाजी, आन तुम्ही माह्या पातेल्यात मोटर शिजवाले बसले? भाऊजी, तुम्हीबी?"

भाऊजी, म्हणजे अर्जुनराव, मागच्या दारानं गेले होते. नारायणराव त्याहून आधी. पातेलं आणि लाटणं दोन्ही बाद झाली. चुलीपाशी उभी राहून ती मला म्हणाली, "सिंधूताई येऊन राह्यल्या म्हनून गप बसते. त्यायच्यासारख्या पातळ पोळ्या आपल्या घरात कोनालेच जमत नाहीत. त्या आल्या म्हंजे सगळं निभते."

तेव्हा तर सिंधूताईला आणणं जास्तच आवश्यक झालं.

संध्याकाळी कचरू थर्मोस्टॅट बसवायला आला. मी शेठचे शब्द म्हणून दाखवले: मेणाची डबी इंजिनाकडं. कचरूनं तुकडा उलटसुलट फिरवला. "नाही साहेब. स्प्रिंग खाली गेली तं दबनार कशी? स्प्रिंग वर पाहिजे."

"शेठ म्हणाले..."

"मेण वरच ठेवा," कुंपणावरून नारायणराव म्हणाले. ते परत आले होते. "खाली इंजिनाजवळ ठेवलं तर वितळून जाईल, मी मघापासून सांगतोय."

जाता-येता थांबलेल्या एका टांगेवाल्यानंही वरच्या बाजूनं मत दिलं. मी एकटा पडलो. लोकशाही नवी होती, जिल्हा परिषदेच्या निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या, आणि बहुमताविरुद्ध जायची हिंमत मला झाली नाही. थर्मोस्टॅट उलटा बसला. गल्लीला एक फेरी मारून आणली, तेवढ्यात इंजिन काही तापलं नाही, आणि सर्वांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूला शेजारी बसवून मी निघालो. राजूर घाट उताराचा. इंजिनाला श्रमच नाहीत. मी शीळसुद्धा घातली. मोताळा मागं पडलं, ऊन चढलं, आणि मग सपाट रस्त्यावर, जिथं उकळायला काहीही निमित्त नव्हतं तिथं, मोटार उकळली. ताप दाखवणाऱ्या काट्यानं तांबड्याच्या पलीकडं जाऊन तिथंच मान टाकली. सूर्य आमच्यापेक्षा जास्त वेगानं डोक्याकडं चालला होता.

जवळच्या विहिरीवर एक म्हातारी बाई नवी कोरी मातीची घागर भरत होती. झुंबरबाई नाव, तिनंच सांगितलं. पाणी द्यायच्या आधी तिनं उलटतपासणी घेतली.

"कुठले?"

"बुलढाण्याचे."

"चालले कुठं?"

"रोहिणखेडला. बहिणीला आणायला."

"मंग मोटर काऊन? यश्टी बंद आहे का?"

"तिच्या सासऱ्यांनी मोटारच आणा म्हटलं."

"अस्सं," तिनं मोटारीकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "आन तुम्ही आणली." तेवढ्या तीन शब्दांत तिनं माझी पूर्ण किंमत केली. इंजिन निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली थांबलो, आणि मग तिनं ती घागर हळूहळू रेडिएटरात रिती केली. "उद्या आखाजीले पितरायसाठी पानी भरनार होती मी ह्या घागरीत. त्यायच्या आधी तुमच्या मोटरनं पेलं. आता माहे पितरबी मोटर मांगतीन."

मी टोपण उघडायला लावलं. थर्मोस्टॅटच्या मेणाची डबी रेडिएटराच्या बाजूला तोंड करून गार बसली होती. इंजिनाकडचं पाणी उकळतंय याची तिला वार्ताच नव्हती. "कचरू, वाल उलटा आहे."

कचरूनं बराच वेळ पाहिलं. "वाल नाही साहेब," तो शांतपणे म्हणाला, "गाडी उलटी बनवली." आणि त्यानं वाल सरळ केला. टोपणाखालची कागदी चकती, म्हणजे गॅस्केट, फाटली होती. मी थर्मोस्टॅटच्याच पुठ्ठ्याच्या डबीतून वर्तुळ कापलं, झुंबरबाईनं कपडे धुवायचा साबण दिला, तो चोपडून टोपण घट्ट केलं. ते बारीक भोक वरच्या बाजूला राहील इकडं मी डोळ्यांत तेल घालून लक्ष दिलं. पुन्हा पाणी भरलं. मोटार सुरू झाली, काटा हळूहळू चढला, मधोमध आला, आणि तिथं थांबला. मला इतका धक्का बसला की पुढचा मैलभर मी रस्त्याऐवजी काट्याकडंच पाहत गाडी हाकली.

रोहिणखेडला भगवंतरावांच्या दाराशी मोटार लागली तेव्हा ते ओट्याखाली उन्हात उभे राहून स्वतःची सावली पाहत होते. "पायाखाली जायची आहे अजून," ते म्हणाले. "आले तुम्ही, निवृत्तीराव."

जिंकलो, असं मला वाटलं. मग मी त्यांच्याकडं नीट पाहिलं. परीटघडीचं धोतर, नवा फेटा, हातात काठी. मागं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई, काखेत गाठोडं आणि हातात पानाचा डबा. मी काही विचारायच्या आत भगवंतरावांनी पुढचं दार उघडलं, कचरूला खाली उतरवलं आणि त्याच्या जागी बसले. सत्यभामाबाई मागं बसल्या आणि गाठोडं त्यांनी असं ठेवलं, की चार-आठ दिवस ते उचलायचा त्यांचा विचार नाही हे कोणालाही कळावं.

"ताई कुठं आहे?" मी विचारलं.

सिंधूताई घरामागच्या निंबाखाली होती. फांदीला दोर बांधून तिनं झोका टांगला होता, आणि माझे दाजी त्याची गाठ ओढून पाहत होते. दोघं एकमेकांकडं न बघता हसत होते.

"ताई, चल ना. बस गाडीत."

"मी नाही येत."

"अं?"

"काऊन वरडतं बे? मामंजी आइकतीन." तिनं मला निंबाच्या पलीकडं ओढलं. "निवृत्ती, खरं सांग. माहेरी आली का मी कुठं बसते? चुलीपाशी. इथं राह्यली का कुठं? चुलीपाशीच. निस्ती चूल बदलाले मले मोटर कायले पाहिजे?"

"पण तीन वर्षं तुझे सासरे तुला सोडत नव्हते..."

"मीच म्हनत होती त्यायले, नाही म्हना. लई चांगले आहेत ते. माह्यासाठी दर साली बोल लावून घेतला." ती झोक्यावर बसली. "यंदा त्यायले म्हटलं, मामंजी, माह्या भावानं मोटर घेतली, तुम्ही अन् आत्याबाई जाऊन या बुलढान्याले, थंडी हवा आहे. यश्टीत ते चढले नसते, म्हनून मोटर आना असा निरोपबी मीच धाडाले लावला. मोटर म्हटल्यावर रातचे झोपले नाहीत. लगीन झाल्यापासून आखाजीले झोक्यावर बसली नाही रे मी. जाय आता. मोटर बंद नको करू, तुही परत सुरू होत नाही म्हनते लोकं."

मी परत मोटारीत येऊन बसलो. कचरू मागं सत्यभामाबाईंच्या गाठोड्यापलीकडं अंग चोरून बसला होता. घाट चढताना भगवंतराव दर वळणावर काट्याकडं वाकून बघत आणि "मधीच आहे," असं अभिमानानं सांगत; जणू तो त्यांच्या धाकानं तिथं राहत होता. घाटमाथा आला तेव्हा ते एकदाच खंतावून म्हणाले, "सुनबाई म्हने, आठ दिवस तरी राहा. मी म्हटलं, लोकायच्या घरी इतकं बरं नाही. तं म्हने, भाऊ वाईट मानीन."

आमच्या दाराशी आळी जमली होती. नारायणराव सर्वांत पुढं. अन्नपूर्णा नणंदेवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन पायरीवर उभी होती. मोटारीचं दार उघडलं आणि भगवंतराव उतरले. तिचा हात वर गेलेला, तो तसाच राहिला. भगवंतरावांना वाटलं हा मान आपलाच. त्यांनी फेटा सावरला आणि मान खाली करून उभे राहिले. तिनं मोटारीत डोकावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग भाकरतुकडा त्यांच्यावरूनच ओवाळला, लांब फेकला, आणि माझ्याकडं वळली.

तिच्या शेजारून आत जाता जाता सत्यभामाबाईंनी मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोळ्या जरा पातळ लाटजो वो माय. सिंधूच्या हातची सवय आहे आमाले."